‘६८ नंबर’ एवढ्यानं तेल कळत नाही

महोदय,

गोव्यात डिचोलीला २०२४ साली खाण पुन्हा चालू झाली आणि २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्यापासून शेडमागे गंजत पडलेली यंत्रं एकेक करून बाहेर निघू लागली. उसगाव परिसरात हायड्रॉलिक पंप आणि जॅक दुरुस्त करणं हा माझा धंदा. कामाला तोटा नाही. तक्रार आहे ती सुट्या हायड्रॉलिक तेलाची, म्हणजे ज्याच्या दाबावर हे पंप-जॅक चालतात त्या तेलाची.

पात्रांव, म्हणजे यंत्राचे मालक, बॅरल आणून ठेवतात. बिलावर फक्त ‘हायड्रॉलिक ६८’. हा आकडा तेलाची जाडी सांगतो, तीही ४० अंश सेल्सिअसला. तेलात घातलंय काय, हे त्यातून कळत नाही, आणि पंप टिकतो तो त्या घातलेल्या रसायनांवर. शंभर लिटरमागे ती साधारण एक-दोन लिटर भरतील. त्यातलं जस्ताचं संयुग, ज्याला झेडडीडीपी म्हणतात, दाब आणि उष्णता वाढली की धातूवर पातळ थर धरतं. मग झिजतो तो थर, पंपाची पाती वाचतात. दुसरं एक रसायन तेलातलं पाणी सुटं करतं. ते टाकीच्या तळाला बसतं आणि प्लग सोडून काढता येतं. आमच्या पावसाळ्यात, या दमट हवेत टाकीत पाणी होणारच, म्हणून गोव्यात तरी मी या रसायनाला पहिला नंबर देईन. ‘तेलच ना, काय फरक पडतो’ म्हणत कोणतंही इंजिन ऑइल टाकीत ओतणाऱ्यांना हे सांगायला हवं. इंजिन ऑइलमधली काजळी धरून ठेवणारी रसायनं पाणीही धरून ठेवतात. तेल ताकासारखं पांढरं होतं, आणि आत गंज चढतो.

बरं, जस्त असलं की झालं, असंही नाही. काही पिस्टन पंपांत कासं (ब्राँझ) असतं, त्यांना जस्तविरहित तेलच घाला असं उत्पादक सांगतात. आणि जस्ताचं नि बिनजस्ताचं तेल एकत्र झालं, तर रसायनांचं जमलं नाही की साका धरतो, फिल्टर तुंबतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या यंत्रात आधीचं तेल कुठलं, हे सांगायला ऑपरेटरही जागेवर राहिलेला नसतो. अशा वेळी वरून भर घालू नये; सगळं काढून, टाकी धुऊन नवं भरावं. खर्च होतो, पण पंपापेक्षा कमीच.

फेस मारणाऱ्या बाटल्या विकणारेही हल्ली फिरतात. फेस दाबणारं सिलिकोन दहा लाखात काही भाग, एवढंच लागतं. जास्त झालं तर तेलात अडकलेली हवा सुटायलाच वेळ लागतो आणि पंप घरघरतो.

माझी मागणी साधी आहे. सुटं तेल विकणाऱ्यांनी बिलावर तेलाचं मानक लिहावं, म्हणजे आयएसओ १११५८ मधलं एचएम (झीज रोखणारं) की एचव्ही (तेच, पण तापमान बदललं तरी जाडी कमी बदलणारं). सोबत जस्ताचं की बिनजस्ताचं, हेही. सरकारी खात्यांनी निविदेत नुसता ‘६८’ मागू नये. तेल कंपन्यांकडे माहितीपत्रक असतंच, दुकानदाराला एक प्रत ठेवायला जड नाही.

आणि काढलेलं तेल ओहोळात सोडू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. आमच्याकडचे ओहोळ शेवटी मांडवीला मिळतात.

– एक हायड्रॉलिक मेकॅनिक, उसगाव