कोळसा गेला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोळशाचा जमाना संपला’ असं हल्ली सहज म्हटलं जातं. परवा माझा नातूही म्हणाला, तेही गिझरचं बटण दाबता दाबता. म्हणून हे पत्र.

माझे वडील रेल्वेत फायरमन होते, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. कसारा घाटात १९३० सालीच विजेची इंजिनं आली होती, पण इगतपुरीपासून पुढे नाशिक, मनमाड, भुसावळकडे साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफेचंच राज्य. वडिलांच्या सदऱ्यांना ठिणग्यांची बारीक भोकं असत. आई ती शिवत बसायची नाही, ‘उद्या पुन्हा पडणारच’ म्हणायची. गंमत म्हणजे घाटातला धूर गेला तरी कोळसा सुटला नव्हता. विजेच्या इंजिनांसाठी रेल्वेनं ठाकुर्लीला वीजघर बांधलं, तेही कोळशावरच चालायचं!

मुळात वाफेचं यंत्र चालीला लागलं ते इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींतलं पाणी उपसायला. न्यूकमेनचा तो पंप १७१२चा. दीडशे वर्षांनी, १८६५ मध्ये, त्याचीच नातवंडं घाट चढून इगतपुरीला पोचली. सुरुवातीला त्यांच्या पोटात जाणारा कोळसाही विलायतेहून बोटीनं येत असे.

आमच्या घरात कोळसा दोन प्रकारचा. लोणारी म्हणजे लाकडाचा, हलका. तो इस्त्रीत, आणि कल्हईवाला आला की त्याच्या भात्यापुढे. दगडी कोळसा शेगडीत. पेटताना तो इतका धूर आणि गंधकाचा वास सोडायचा की शेगडी आधी अंगणात ठेवायची, निखारा लाल झाला की आत आणायची. चुरा टाकायचा नाही. माती-शेणात कालवून त्याचे गोळे थापायचे, वाळवायचे. सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडे. नखांतला काळा रंग सोमवारी शाळेत लपवावा लागे. पुढे गॅस आला आणि शेगडी माळ्यावर गेली.

पण कोळसा गेला कुठे? नाशिकरोडहून हाकेच्या अंतरावर, एकलहऱ्याच्या वीजघरात. तिथले वीज तयार करणारे पहिले संच १९७०-७१चे, ते आता बंद झाले. २१० मेगावॉटचे तीन उरले आहेत. खाणी इकडे नाहीत, कोळसा विदर्भाकडून मालगाडीच्या वाघिणी भरभरून येतो. इथली वीज महाग पडते त्याचं एक कारण हेच. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो. नातवाच्या गिझरला रोज दोन युनिट धरली तर झाला दीड किलो. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख, म्हणजे रोज अर्धा किलो राख त्याच्या नावावर! थोडी सिमेंटला, थोडी विटांना, बाकीची राखेच्या तळ्यात. आमच्या बंबाची राख निदान आम्ही स्वतः काढायचो आणि तिनंच भांडी घासायचो.

नाशिकला येणाऱ्या पाहुण्याला आपण काळाराम दाखवतो, द्राक्षं खिलवतो. कोळशावर ज्यांची हयात गेली त्यांची मात्र कुठे नोंद नाही. वाफेच्या इंजिनावरचे फायरमन आता क्वचितच सापडतील, पण एकलहऱ्याच्या जुन्या संचांवर काम केलेले लोक आजही नाशिकरोडला दिसतात. आपल्या बातमीदारांनी त्यांना गाठावं, त्यांच्याकडून लिहून घ्यावं. कुणी दोन खोल्यांचं संग्रहालय काढलं तर आईची शेगडी द्यायला मी तयार आहे. जाळी गेली आहे, पण कड्या शाबूत आहेत.

आपली,
एक वाचक, नाशिकरोड