२३ ऑक्टोबरच्या दिनविशेषात टोकियो कुठे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला २३ ऑक्टोबरचा दिनविशेष वाचला. कित्तूरच्या १८२४च्या लढाईला पहिली जागा दिलीत, ते योग्यच. त्याखाली खेळाच्या दोन नोंदी: पेलेचा जन्म आणि २०२२ साली मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध विराट कोहलीच्या नाबाद ८२ धावा. ती खेळी मीही जागचा न हलता पाहिली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण याच तारखेला, १९६४ साली, टोकियो ऑलिंपिकच्या हॉकी अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानलाच १-० असं हरवलं होतं. १९६०ला रोममध्ये याच पाकिस्तानने आपलं सुवर्ण हिसकावलं, ते परत आणलं. गोल मोहिंदर लालचा. गोलरक्षक शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे, जिचं केंद्र आपल्याच गावात आहे. आणि त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते! पुण्या-मुंबईचे पेपर हे विसरले तर एक वेळ समजू शकतो. बेळगावच्या पेपरानेही विसरावं?

माझी नात मराठी शाळेत सातवीला आहे. तिथे प्रार्थनेनंतर तुमचाच दिनविशेष फळ्यावर लिहितात. काल तिची पाळी होती. कोहलीच्या ओळीखाली तिने आपणहून लिहिलं, ‘१९६४ : टोकियो, हॉकीत सुवर्ण. आपले बंडू पाटील.’ गुरुजींनी डस्टर घेऊन तेवढीच ओळ पुसली. “पेपरात नाही ते लिहायचं नाही.” पोर घरी आली ती तोंड पाडून, दप्तरही खाली ठेवेना. “आजोबा, तुम्ही मला खोटं सांगितलं काय?” मी तिला काय सांगायचं? गुरुजींना दोष देत नाही, त्यांचा तुमच्यावर भरवसा आहे. राग आहे तो तुमच्यावर, आणि अनेक वर्षांचा वाचक म्हणून तो हक्काने सांगतो आहे. दुरुस्ती छापा, तीही क्रीडापानावर, छोट्या जाहिरातींच्या गर्दीत नको.

जाता जाता आणखी एक. गावातल्या हॉकी स्पर्धांचे निकाल तुम्ही चार ओळींत उरकता. त्यात प्रमुख पाहुणे, स्वागत, आभार, सगळ्यांची नावं असतात. गोल कुणी मारला, तेवढं नसतं. पाहुण्यांची नावं गाळलीत तरी चालेल, पण गोल मारणाऱ्या पोराचं नाव यापुढे छापा.

आपला,
एक जुना हॉकीपटू
शहापूर, बेळगाव