अप्पा, ब्रिजचे पैसे अजून देऊ नका

गोथेनबर्ग, स्वीडन

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

धाकट्यानं फोनवर सांगितलं, खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन्ही दाढा काढल्यापासून तुम्ही भाकरी आमटीत कुस्करून खाताय. आणि निपाणीत कुणीतरी म्हटलंय, "ब्रिज बसवा, आठवड्यात काम होतंय." पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा.

ब्रिजला दोन्हीकडचे दात घासून बारीक करतात आणि त्यांच्या आधारावर मधला दात बसवतात. तुमची अक्कलदाढ तर केव्हाच गेली. मागं दातच नाही, तर तो ब्रिज टेकणार कशावर? सगळा भार पुढच्या दातावर टाकला तर धडधाकट दात हलायला लागायचा. त्या डॉक्टरांना हेच विचारा.

काढ-घाल करायची कवळी स्वस्त पडते. साध्या प्लास्टिकची जाड असते, धातूच्या सांगाड्याची पातळ आणि घट्ट. पण मागच्या बाजूला ती हिरडीवरच टेकते, त्यामुळं चावताना थोडी हलणारच. खाली शेंगदाण्याचा कण अडकला की तुम्ही ती खिशात घालून हिंडणार, हे मला आत्ताच दिसतंय.

दुसरा मार्ग इम्प्लांटचा. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, वर दात. इथल्याच विद्यापीठातल्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली असे स्क्रू पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवले. हाड त्या धातूला घट्ट धरतं, पण खालच्या जबड्यात त्याला साधारण तीन महिने लागतात. खालच्या हाडातून ओठाकडं नस जाते, म्हणून आधी थ्रीडी स्कॅन करून हाड किती उरलंय ते बघतात. दोन्ही दाढा बसवायलाच हव्यात असंही नाही, पुढची एक बसवली तरी पुष्कळदा भागतं.

त्याआधी तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. ती चढलेली असली तर जखम नीट भरत नाही. आणि विडी. तंबाखूच्या वखारीतल्या पगारावर मी शिकलो, हे विसरलो नाही. पण विडी ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त निकामी होतात, त्याला काय करणार?

फार लांबवूही नका. खाली दाढ नसली की वरची हळूहळू खाली उतरते, मग नवीन दाताला जागाच उरत नाही. कोल्हापूर जवळ पडेल, पण बेळगावात नेहरूनगरला केएलईचं डेंटल कॉलेज आहे, तिथं एकदा दाखवाच. फेऱ्या होतील, धाकट्याला सोबत न्या. कवळी की इम्प्लांट ते तपासणी झाल्यावर ठरवू. खर्चाचं मी बघतो, त्यावर वाद नको.

एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा. आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
थोरला