ट्रेन सोडायला लावणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तुम्ही "आभार कसले गं" म्हणून एका अंगठ्यात विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

1998 चा मे महिना. डोंबिवलीत तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पंखा कुरकुरत होता आणि चटईवर स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द करायच्या खेळाचा, बोर्ड मांडलेला होता. मी आठवीची परीक्षा दिलेली, मराठी माध्यमातली. आमची एबीसीडीच पाचवीत सुरू झालेली. लांब इंग्रजी शब्द म्हणजे घोकायचा आणि पेपर देऊन आल्यावर विसरायचा, एवढंच मला ठाऊक. 'नेसेसरी'त सी किती आणि एस किती, यापायी मी वर्गात बाकावर उभी राहिलेली मुलगी.

माझ्या पट्टीवर सात ठोकळे आले होते: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. मी चटकन 'ट्रेन' जुळवलं आणि ई, एस बाजूला सारले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "डोंबिवलीच्या पोरीला ट्रेनच दिसणार! सोड ती. मागून दुसरी येते."

आणि चक्क माझे ठोकळे विस्कटलेत. मला राग आला होता, आज सांगते. मग तुम्ही एस उचलून पट्टीच्या उजव्या टोकाला ठेवलात, आर आणि ई डाव्या टोकाला. "शेपूट आणि तोंड आधी लाव. मधलं आपोआप सरळ होतं." मध्ये उरले टी, ए, आय, एन. रिटेन्स! सातही ठोकळे एका दमात गेले, म्हणजे वरचे पन्नास पॉइंट. मी नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात तुम्ही आय, ई, आर शेवटी सरकवून त्याच सात अक्षरांचं 'नॅस्टिअर' केलंत. मग रेटिनाला एस लावून 'रेटिनाज'. एक 'ट्रेन' डोळ्यांत अडकली की बाकीचे शब्द दिसतच नाहीत, हे मला त्या दुपारी कळलं.

नंतर तुमच्या एकेक युक्त्या कळत गेल्या. आय, एन, जी हाती आले की तिघांना शेवटी नेऊन बसवायचं आणि उरलेल्यांकडेच बघायचं. यू-एन, आर-ई पुढे. एचला एकटं ठेवायचं नाही, त्याच्याआधी सी, एस, टी, पी, जी, डब्ल्यू यांतलं कोणी मिळतंय का ते शोधायचं. "शेजाऱ्यांच्या जिवावर जगणारं अक्षर आहे ते," तुम्ही म्हणायचात. आणि एस उधळायचा नाही, कारण अख्ख्या डब्यात तो चारच वेळा, तर ई बारा वेळा. हा खेळ काढणारे न्यूयॉर्कचे अल्फ्रेड बट्स हे आर्किटेक्ट, मंदीत काम गेलेले. वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून त्यांनी कुठलं किती ठेवायचं ते ठरवलं, ही गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. बँकेत आयुष्यभर मोजामोजी केलेल्या तुम्हाला हा माणूस आवडणारच!

पावसाळ्यातली एक दुपार तर मी विसरणं शक्य नाही. खेळ चालू नव्हता. तुम्ही बोर्डच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पंधराच्या पंधरा घरांत, एक शब्द मांडलात आणि म्हणालात, वाच. मला जमेना. मग तुम्ही बोटाने तीन फटी पाडल्यात: अन, कॉपी, राइट, एबल. अनकॉपीराइटेबल! चारही तुकडे मला येत होते! पंधरा अक्षरं आणि एकही दोनदा नाही. उच्चार कसा करायचा विचारलं तर म्हणालात, "स्पेलिंग मुकं असतं. त्याला तुझा उच्चार ऐकू येत नाही." कॉलेजात माझ्या इंग्रजीवर मुली फिदीफिदी हसायच्या, तेव्हा हे वाक्य मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल.

आणि ती वही. बँकेतल्या पाठकोऱ्या स्लिपा दोऱ्याने शिवलेल्या. डाव्या समासात शब्दाचीच अक्षरं, पण एबीसीडीच्या क्रमाने लावलेली. समोर त्या अक्षरांतून होणारे सगळे शब्द. ए-ई-आय-एन-आर-एस-टी या ओळीत रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर आणि लाल पेनाने 'रेत्सिना'. डिक्शनरीत बघितलं तर ग्रीकांची राळेच्या वासाची वाइन निघाली. "असू दे, सात अक्षरी आहे," म्हणत तुम्ही खाली दोन रेघा ओढल्यात. घरात सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेल्या तुम्ही!

नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं होतं, हजारो शब्दांतून सारख्याच अक्षरांचे शब्द एकत्र कसे आणाल? शेजारी बसलेला मुलगा प्रत्येक शब्दाची प्रत्येकाशी तुलना करत बसला. मी लिहिलं: प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावा, ज्यांचा क्रम सारखा ते एका खणात टाका. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, कुठे वाचलंत? काय सांगणार होते, काकूंच्या स्लिपांच्या वहीत? "शेजारी शिकले," एवढंच म्हटलं. नोकरी लागली. पेढे दिले तेव्हा हे सांगायचं राहून गेलं.

आणखीही एक राहिलंय. तुमच्या डब्यात व्हीचे ठोकळे दोन असायला हवेत, त्यातला एक हरवला म्हणून तुम्ही लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून नवा केलात आणि कोपऱ्यात त्याचे पॉइंट म्हणून बारीक चार लिहिलेत. तो हरवला नव्हता. व्ही आला की माझा डाव अडायचा, त्याचा दोन अक्षरी शब्दच होत नाही, म्हणून तो मी फ्रॉकच्या खिशात घातला होता. अजून माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येते. पुठ्ठ्याचा मात्र मला द्या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची