चौकटी मोजून चढ निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीत चढ शिकलेली मुलं अकरावीत आलेखावरून रेषेचं समीकरण काढताना सूत्र सहसा चुकत नाहीत. चुकतात ती ग्राफ पेपर वाचताना.

ट्रॉलरच्या टाकीतल्या डिझेलचा आलेख घ्या. क्ष-अक्षावर १ सें.मी. = १ तास, य-अक्षावर १ सें.मी. = ५० लिटर. रेषा (४, ३००) आणि (१२, १००) या बिंदूंतून जाते. चढ = (१०० − ३००) ÷ (१२ − ४) = −२५, म्हणजे तासाला २५ लिटर डिझेल जळतं. चौकटी मोजणारा मात्र ‘आठ उजवीकडे, चार खाली’ म्हणून −१/२ लिहितो. त्या हिशेबाने बारा तास इंजिन चालूनही टाकीतले सहाच लिटर संपतील! कोकण रेल्वेच्या मार्गाचा चढ १५० मीटरला १ मीटरच्या आत ठेवलेला आहे. तिथे दोन्ही मापं मीटरचीच. आलेखात तसं नसतं, म्हणून आधी प्रमाण वाचायचं.

बिंदू रेषेवरचेच हवेत, शक्यतो ठळक रेघांच्या छेदावरचे आणि एकमेकांपासून लांब. इथे १ मि.मी. म्हणजे ५ लिटर. बिंदू एका तासाच्या अंतरावर घेतले आणि वाचताना एवढीच चूक झाली, तर चढ २५ ऐवजी २० किंवा ३० येतो. आठ तासांच्या अंतरावर तीच चूक जेमतेम ०.६ची. वजाबाकीचा क्रमही वर-खाली एकच ठेवावा, नाहीतर चिन्ह उलटतं. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या रेषेचा चढ ऋणच.

आता स्थिरपद. रेषा य-अक्षाला छेदते तो आकडा, पण तो अक्ष क्ष = ० वर असेल तरच. क्ष-अक्ष २ तासांपासून सुरू केला असेल, तर डाव्या कडेला ३५० दिसतात आणि मुलं तेच लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा एक बिंदू समीकरणात घालावा : ३०० = −२५ × ४ + स्थिरपद, म्हणून स्थिरपद ४००. समीकरण य = −२५क्ष + ४००. दुसरा बिंदू घालून पडताळा : −३०० + ४०० = १००. जुळलं. उभ्या रेषेला मात्र चढच नसतो, तिथे नुसतं क्ष = ६ असं लिहायचं.

आपल्या शैक्षणिक पानावर सराव प्रश्न छापताना दोन्ही अक्षांची प्रमाणं मुद्दाम वेगळी ठेवावीत आणि निदान एका आलेखात क्ष-अक्ष शून्यापासून सुरू करू नये, ही विनंती.

— गणित शिक्षक, मालवण