इको करण्याआधी मूल काट्यावर उभे करा

मा. संपादक, स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात ३४ वर्षे हळदीची पोती तोलली. रिकाम्या पोत्याचे वजन वजा केल्याशिवाय कधी चिठ्ठी लिहिली नाही. त्यामुळे नातीच्या बाबतीत जे झाले ते जास्तच लागले.

नात सहा वर्षांची, हृदयाच्या पडद्याला छिद्र. दिवाळीनंतर एका ठिकाणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. खिडकीवरच्या मुलाने वजन विचारले. सूनबाई म्हणाली, ‘‘घरी काटा नाही.’’ ‘‘सहा वर्षांची ना? मग वीस टाकतो,’’ म्हणत त्याने उंचीही ११५ टाकून दिली. रिपोर्ट आला : डावा खालचा कप्पा ३९ मिलिमीटर, नॉर्मल. आम्ही निर्धास्त.

पुढे पोरगी जिना चढताना धापा टाकू लागली, म्हणून मिरजेला नेली. तिथल्या सिस्टरांनी चपला, स्वेटर काढायला लावून तिला काट्यावर उभे केले. वजन भरले १४ किलो, उंची १०२. कप्पा याही वेळी ३९ मिलिमीटरच! पण डॉक्टर म्हणाले, मुलाच्या हृदयाचे माप वयाशी नव्हे, अंगाच्या आकाराशी ताडायचे असते. तो आकार म्हणजे अंगाचा पृष्ठभाग : सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतले वजन, भागिले ३६००, त्याचे वर्गमूळ. मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. अंदाजाच्या आकड्यांनी ०.८० चौरस मीटर येते, खऱ्या आकड्यांनी ०.६३. तेवढ्या अंगाच्या मुलांच्या सरासरीपासून माप किती हटले आहे, ते झेड स्कोअर सांगतो. दोनपर्यंत ठीक मानतात. अंदाजाच्या आकड्यांनी तिचा १.३ येत होता, खऱ्या आकड्यांनी २.८ निघाला.

छिद्रामुळे फुप्फुसांकडे जास्तीचे रक्त जाते, ते फिरून डाव्या बाजूला येते, कप्पा ताणतो. अशा मुलांच्या अंगाला बऱ्याचदा खाल्लेले लागत नाही. म्हणजे ज्यांचे वजन भरत नाही, नेमके त्यांचेच वजन वयावरून धरायचे! यार्डात असे केले असते तर शेतकऱ्याने गचांडी धरली असती.

आता उपचार नीट सुरू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणणे एवढेच की लहान मुलांच्या इको रिपोर्टवर त्याच दिवशी मोजलेले वजन, उंची आणि झेड स्कोअर असलाच पाहिजे. तो कोणत्या तक्त्यावरून काढला तेही लिहावे, कारण तक्ता बदलला की आकडा बदलतो, असे डॉक्टरच म्हणाले. आणि पालकांनो, वजनाचा रकाना रिकामा किंवा गोल आकड्याचा दिसला, तर खिडकी सोडण्याआधी विचारा.

– एक निवृत्त तोलाईदार, सांगली