एस्टीमचा हँडब्रेक

प्रिय अव्या,

दिवाळीच्या तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला म्हणून तू रुसलायस, हे वहिनींकडून सुनीताला आणि सुनीताकडून मला कळलं. रूस. पण हे वाच, कारण हे दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नाही. इथे कोणाला सांगावं तर म्हणतील, पोराच्या दोन मुस्काटात दे आणि चावी काढून घे.

तब्येत बरी. शुगर गोळीवर, गुडघा होता तसाच. आई तुझी आठवण काढते, नेहमीचीच.

तर एस्टीम. हो, अजून आहे. नव्याने पासिंग करून घेतलं तेव्हा तू फोनवर हसला होतास, ते मी विसरलेलो नाही. मध्ये एकदा साताऱ्याहून येताना मागून जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढचा ट्रक. ट्रक गेला, वास राहिला. पेट्रोल पंपावर थांबून मागच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर टेकवेना. डावीकडेही तेच. हँडब्रेक पूर्ण खाली होता, अव्या, आणि तरी ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला घासत होते.

घरी येऊन लिव्हरखालचं कव्हर उघडलं. तू असतास तर बघताक्षणी ओळखलं असतंस. केबलचा नट इतका खाली पिळलेला की वर आट्यांचा नवाकोरा भाग चकाकत होता. लिव्हर ओढली तर दुसऱ्याच खटक्याला घट्ट. आपला मेकॅनिक राजू असं कधी करणार नाही. त्याचं ठरलेलं, पाच-सहा खटके, आणि सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. सुनीता हँडब्रेक लावतच नाही, दगड लावते. उरलं कोण? आमचा ओंकार.

मी काही बोललो नाही. दोन्ही मागची चाकं स्टँडवर घेतली आणि नट सैल केला. तसा तो केला नसता तर ड्रम निघालाच नसता. आतली भुकटी ओल्या फडक्याने पुसली (फुंकर मारायची नाही हे तुझंच, जुन्या लायनरात ॲसबेस्टॉस असायचं म्हणून). लायनर बघितले तर चकचकीत झालेले, काच कागदाने घासून घेतले. ड्रम बसवले, पायाचा ब्रेक बऱ्याचदा दाबून लायनरचे शू जागेवर आणले, आणि मग शेवटी केबल ताणली. सहाव्या खटक्यावर सोडली. हा क्रम ओंकारला माहीत नाही, हे त्या नटावरूनच कळत होतं. पोरांना वाटतं केबल ओढली की हँडब्रेक कडक. पण केबल ताणून ठेवली की शू पूर्ण मागे येत नाहीत, झीज भरून काढणारा आतला ऑटो ॲडजस्टर काम करेनासा होतो, आणि लायनर झिजतील तसा पायाचा ब्रेकही खाली खाली जायला लागतो. म्हणजे ज्या ब्रेकवर जीव अवलंबून तोच मऊ करून घेतला त्याने.

पुढच्या आठवड्यात लिव्हर ओढली. तिसऱ्या खटक्याला घट्ट.

मी परत सैल केला. त्याने परत पिळला. जेवताना दोघंही आमटी वाढून घेतोय, क्रिकेटवर बोलतोय, आणि खाली पार्किंगमध्ये त्या दहाच्या पान्याने आमचा पत्रव्यवहार चाललाय. सुनीताला वाटतंय बापलेकाचं हल्ली छान जमतं.

इथपर्यंत मला गंमतच वाटत होती, खोटं कशाला बोलू. आपण माळावर हँडब्रेक ओढून नानांच्या काँटेसाची शेपूट फिरवायचो, ते आठवून एकटाच हसायचो. पण मग गाडीला मागून घुं-घुं आवाज यायला लागला. बेअरिंग असेल म्हणून चाक फिरवून पाहिलं. बेअरिंग ठीक. टायरवर हात फिरवला तर एका जागी सपाट. दुसऱ्या टायरलाही. आता तूच सांग, मातीवर हँडब्रेक ओढून टायर सपाट होतो का? माळावर चाक लॉक झालं तर खडी उडते, धूळ उडते, टायर जेमतेम घासतो. असा चट्टा पडतो डांबरावर. म्हणजे कार्टं हे रस्त्यावर करतंय. बहुतेक नवीन बायपासला, रात्री, क्लासच्या नावाखाली.

तेव्हापासून झोप नाही. बाळ्याच्या वेळी तू आणि मी दोघंच तिथे होतो. बाकी काही लिहीत नाही.

त्याच्या मोबाइलवर सगळं तुझ्या जपानचं. तो ड्रिफ्टिंगवाला त्सुचिया आणि त्याची ती टोयोटा ८६. मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं, त्याला वाटलं मी चार्जर शोधतोय. माणूस अफाट आहे, वादच नाही. घाटात शिकलेला. त्याच्या आधी ताकाहाशीने सत्तरच्या दशकात रेसमध्ये हे सुरू केलं, आणि ह्याने ते जगाला दाखवलं. पण अव्या, ती गाडी मागच्या चाकांवर चालते! १६०० सीसीचं इंजिन, टनाच्या आत वजन, शेपूट निसटली की ॲक्सिलरेटरवर ती निसटलेली ठेवता येते, स्टिअरिंग उलटं धरून पूर्ण वळणभर. आमची एस्टीम पुढच्या चाकांवर ओढली जाते. हँडब्रेकने तिची शेपूट एकदा फिरेल, पण ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकं तिला सरळ ओढून नेणार. ते ड्रिफ्टिंग नव्हेच. ओंकारला कोणी गुरू करायचाच असेल तर तो साब गाडीवाला एरिक कार्लसन. १९६२ आणि ६३, दोन वर्षं लागोपाठ माँटे कार्लो रॅली जिंकला, पुढच्या चाकांच्या गाडीत. ते उत्तरेकडचे लोक ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक दाबायचे. पुढची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरत राहायची आणि मागची लॉक व्हायची. पण कार्लसनचे रील कोण बघतंय.

इथे आपलं जुनं भांडण येतंच. हँडब्रेक ओढताना क्लच दाबायचा की नाही. तू आयुष्यभर म्हणालास दाबायचाच, आणि मला ‘मारुतीछाप’ म्हणालास. अरे, काँटेसात तू बरोबरच होतास. मागची चाकं इंजिनाला जोडलेली, क्लच न दाबता ती लॉक केलीस तर इंजिन बंद पडणारच. माझ्या मारुती ८०० मध्ये मागची चाकं नुसती मागे येतात, त्यांचा इंजिनाशी संबंध काय? त्यामुळे मीही बरोबर होतो. तीस वर्षांनी हे मी लेखी देतोय, जपून ठेव. (तरी काँटेसा बांधावर तूच चढवलीस. नानांना मी सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत, तेव्हा तुझं ते ऋण माझ्याकडेच.)

माझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगतो. चावी काढून घेतली तर तो मित्राची बाइक घेईल. बोललो तर मला मनाई करावी लागेल, आणि मनाई केली की तो विचारणार, पप्पा, तुम्हाला टायर बघून कसं कळलं? गप्प बसलो तर बायपास आहेच. म्हणून ठरवलंय की रविवारी पहाटे त्याला पाटलांच्या माळावर न्यायचं. बांध आता नाही, सपाट केलंय. जुने टायर मागे टाकतो. वेग तिसाच्या वर नाही. पुढे पंचवीस पावलांवर एक गोणपाट. आधी ॲक्सिलरेटर सोड, वजन पुढे येऊ दे, मागचं हलकं होऊ दे. स्टिअरिंग वळव, मगच ओढ. आणि अंगठा बटणावरून काढायचा नाही, नाहीतर खटका अडकतो, लिव्हर वरच राहते आणि गाडी फिरतच जाते. हे त्याला माहीत नसणार, पैज लाव. म्हणूनच तो केबल पिळतोय. त्याची लिव्हर वर अडकते, मग घाबरून सोडायला उशीर होतो, आणि टायर तेवढाच जास्त घासला जातो. मागचं फिरलं की लगेच सोड, नजर जिकडे जायचंय तिकडे, आणि हलका ॲक्सिलरेटर.

हे सगळं शिकवून मी त्याचं रात्रीचं बंद करतोय की त्याला आणखी धीट करतोय, हे मला कळत नाही. रात्री दोनला वाटतं बंद करतोय. चारला उलटं वाटतं. राजूला विचारलं तर म्हणाला, ड्रिफ्टिंगवाले लावतात तो हायड्रॉलिक हँडब्रेक बसवून देतो! ह्या माणसाला काही विचारायचं म्हणजे.

आणि पुढच्या पोरांना तर लिव्हरच मिळणार नाही. आमच्या शेजारच्यांच्या नव्या गाडीत बटण आहे, बोटाने उचललं की मोटर ब्रेक लावते. एका अर्थी बरंच.

तुझं काय? वहिनींची नोकरी सुरू झाली म्हणे. इराचं जपानी तुझ्यापेक्षा चांगलं आहे हे ऐकून आईला फार आनंद झाला. घर बदललंस का? पत्ता कळव. आणि सुझुकाचा रेस ट्रॅक तुझ्यापासून तासाभरावर असून तू अजून गेला नाहीस, तर मग तिथे राहून करतोस तरी काय?

एक काम कर. शनिवारी ओंकारला फोन लाव, तुझा आवाज त्याला अजून मोठा वाटतो. माझं पत्र आलंय म्हणू नकोस. काँटेसाचं सांग, बांधाचंही सांग. बाळ्याचं सांगायचं की नाही ते तू ठरव, माझ्याने होणार नाही. सुनीताने फोन उचलला तर तिकडच्या थंडीबद्दल बोल आणि हँडब्रेकचं नाव काढू नकोस.

तुझा,
दिग्या

ता. क. आत्ता खाली जाऊन आलो. चौथा खटका.